पुण्याहून पाटोद्याला, दोन शॉकअप घेऊन

सकाळी पुण्याच्या स्टँडवर बीडची गाडी लागली तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी आणि एक पोतं होतं. पिशवीत दोन शर्ट आणि वहिनींसाठी मालिशच्या तेलाची बाटली. पोत्यात आमच्या जुन्या मोटारीचे समोरचे दोन नवे शॉकअप, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेले. पोतं सीटखाली जाईना. उभं ठेवलं तर वळणावर पडणार, आडवं टाकलं तर लोक अडखळणार. शेवटी ते दोन्ही पायांमध्ये धरून बसलो, कोकरू धरून बसतात तसा.

कंडक्टर बीडकडचाच होता, हे त्याने तोंड उघडताच कळलं.

"काय हाय ओ पोत्यात?"

"गाडीचे शॉकअप."

"कुठल्या गाडीचे?"

"आमच्याच. ती पाटोद्याला आहे."

"म्हंजी गाडी तिकडं, शॉकप हिकडं, आन् तुमी एस्टीत," तो म्हणाला. "त्यापरीस आमच्याच गाडीला बसवा की. मागच्या बाकावरची मान्सं दुवा देतील."

"बसवाच ओ!" मागून आवाज आला. "न्हाई तर नगर येईस्तोवर माजी बत्तीशी हातात येती."

सगळे हसले, मीही हसलो. शॉकअप कशासाठी नेतोय, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं. मी मुळात कमी बोलणारा. 'यांच्या मनात काय चाललंय ते देवालाच ठाऊक,' असं घरचे म्हणतात आणि इतकी वर्षं मी ते कौतुक समजत आलो.

इथे सांगून टाकतो. आदल्या दिवाळीत आम्ही आमची मोठी मोटार गावी थोरल्या भावाला, अण्णांना दिली. सात माणसं बसतील अशी, उंच, पांढरी. पुण्यात आम्ही दोघंच, ती बहुतेक वेळ पार्किंगमध्येच उभी असायची. देण्याआधी गॅरेजला नेली, तेव्हा मेकॅनिकने सांगितलं, समोरचे दोन्ही शॉकअप गेलेत, बदला. शॉकअप म्हणजे चाकाशेजारचा तेल भरलेला नळा. खड्ड्यात चाक आपटलं की स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग उसळू नये म्हणून हा नळा तिला आवरून धरतो. तो गेला की गाडी दिसायला तीच राहते, पण ब्रेक लावताना, वळताना चाकं जमीन सोडू बघतात.

द्यायच्याच गाडीवर आता खर्च कशाला, असं माझ्या मनात आलं. मेकॅनिकला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. तो म्हणाला, तर मग स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर टाकू. गाडी उंच राहील, ताठ वाटेल, काही कळणार नाही. 'काही कळणार नाही' हे शब्द त्याचे होते. 'टाका' हा माझा.

मग दुष्काळ आला. होळीनंतर काही दिवसांनी अण्णांचा मुलगा दत्ता आईला दवाखान्यात दाखवून गावी आणत होता. गावाच्या अलीकडे खिंडीतला उतार आहे, तिथे डांबर जाऊन खडी वर आली आहे. समोर शेळ्या आल्या, त्याने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी उड्या मारत बांधाच्या दगडांवर गेली. वहिनींचं उजवं मनगट मोडलं. गावात बोललं गेलं ते एवढंच की पोरगं मोबाइल बघत सुसाट चालवत होतं. सगळे तसंच म्हणाले. अण्णाही.

आणि ज्या फोनमुळे मी हे पोतं घेऊन एस्टीत बसलो, तो अण्णांचा होता. गावच्या दूध संस्थेचा ड्रायव्हर जास्त पगारावर पाण्याच्या टँकरवर निघून गेला होता. दत्ताने ती जागा मागितली. चेअरमन म्हणाले, घरची गाडी सांभाळता येईना त्याच्या हातात दुधाची कशी देऊ? यंदा शेतात काही नाही. दत्ताला हे काम मिळालं नाही तर तो मित्रांबरोबर घर सोडून सांगलीकडे मजुरीला निघणार होता. "जाऊ दे, दोष त्याचाच हाय," अण्णा फोनवर म्हणाले. "गाडी बी लई हेलकावे खायलीय. इकून टाकू का?"

मी म्हणालो, विकू नका, मी येतो. मनात बेत असा, की नवे शॉकअप बसवायचे, बफर गुपचूप काढून कुठेतरी फेकायचे, गाडी नीट चालायला लागली की चेअरमनला भेटून पोरासाठी शब्द टाकायचा. आपण काही सांगायची गरज नाही.

नगर मागे पडलं आणि रस्त्याकडेचं हिरवं संपलं. कडा गावाच्या अलीकडे डाळिंबाच्या बागा मुळापासून तोडून बांधावर सरपणासारख्या रचल्या होत्या. टँकर एवढे की आमचा ड्रायव्हर कुणाला ओव्हरटेक करायच्या भानगडीतच पडत नव्हता. कड्याला चहा घेतला, कांदाभजी खाल्ली. हॉटेलवाल्याने पाण्याचा जग टेबलावर ठेवला नाही, मागितल्यावर एक-एक पेला आणून दिला, आणि पेला अर्धा ठेवून उठणाऱ्या एका तरुणाला म्हणाला, "प्या ते. न्हाई तर आधीच कमी घ्यायचं."

आष्टीला एक म्हातारबाबा माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचे दोन बैल आणि एक म्हैस चारा छावणीत (दुष्काळात जनावरांना चारापाणी मिळावं म्हणून उघडलेला तळ) होती. म्हातारी जनावरांपाशी राहत होती आणि हे घर सांभाळत होते. महिना-पंधरा दिवसांनी भेटायला जायचे.

"कुणाला भेटायला, आजींना की बैलांना?" मी विचारलं.

"म्हातारीनंबी ह्येच इचारलं मागल्या टायमाला," ते म्हणाले. "मी आधी बैलाच्या पाठीवरनं हात फिरवला ना! बोललीच न्हाई मंग. भाकर बी बैलाकडं बघूनच वाढली." मग पोत्याला हात लावून त्यांनी विचारलं, "ह्ये काय म्हनायचं?"

मी सांगितलं.

"म्हंजी गाडीचे गुडघे."

"गुडघेच म्हणा."

"माझे बी बघा की मिळतेत का कुठं."

जामखेडच्या पुढे ते उतरले. सौताड्याला पावसाळ्यात लोक धबधबा बघायला गाड्या करून येतात. एस्टीतून धबधबा दिसत नाही, पण त्या बाजूचे डोंगर दिसतात. त्या दिवशी ते भाजलेल्या विटेच्या रंगाचे होते. आमच्या गावाचा फाटा आला तेव्हा मी मान वळवून बघितलं. तिथून आत खिंड आहे. गाडी न थांबता पुढे पाटोद्याला गेली.

अण्णा आणि दत्ता मी सांगितल्याप्रमाणे मोटार घेऊन रफिकभाईंच्या गॅरेजला आधीच आले होते. अण्णा स्वतंत्र मोटारसायकलवर, दत्ता मोटारीत. बापलेक एका गाडीत बसत नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मोटारीच्या टपावरच्या कॅरिअरला वाढ्यांचा (उसाचे शेंडे, जनावरांना घालायचे) पाला अडकलेला होता. माजलगावच्या धरणाखाली ऊस असतो, तिकडच्या तोडीवरून वाढी आणून या गाडीने दोन म्हशी जगवल्या होत्या. पुण्यात मी तिच्यात चपला काढून बसायचो.

रफिकभाई पन्नाशीचे, पोट सुटलेले, बोलायला एकदम मोकळे. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडी दाबली. नाक जेमतेम खाली गेलं.

"शॉकप तर टाइट हायेत," ते म्हणाले. "बुश गेले असतील. न्हाई तर टायर."

"नाही, शॉकअपच," मी म्हणालो. "मी आणलेत नवे. बदलूनच टाका."

"न बघता? साहेब, तुमी पेशंटच्या आधी आपरेशनचं सामान घिऊन आलाव."

दत्ताला त्याच्या वयाला न शोभणारं कोरडं हसू आलं. अण्णा हसले नाहीत.

रफिकभाई मला शेजारी बसवून गाडी बाजारातून फिरवून आले. शाळेजवळच्या गतिरोधकावर त्यांनी मुद्दाम वेग ठेवला. गाडीचं नाक वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं, आणि पुढच्या वळणापर्यंत ते डुलणं चालूच राहिलं. ब्रेक लावला तर स्टिअरिंग हातात थरथरलं.

"दबत न्हाई, पर उडते," ते स्वतःशीच म्हणाले. "ह्ये आक्रीत हाय."

परत आल्यावर त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि डावं चाक काढलं. टायरवरून तळवा फिरवून मलाही फिरवायला सांगितला. टायर सारखा झिजला नव्हता, जागोजागी चट्टे पडले होते, हाताला उंचसखल लागत होतं. चाक जमिनीवर टेकून चालण्याऐवजी नाचत चाललं की असं होतं. आत शॉकअपच्या नळ्यावर तेल पाझरून त्यावर धुळीचा काळा लेप बसला होता.

"गेलाय की!" रफिकभाई म्हणाले. "मंग दाबल्यावर दबत कावून न्हाई?"

त्यांनी स्प्रिंगवरची माती पान्ह्याने खरवडली. वेढ्यांच्या मधोमध घट्ट बसलेलं जाड रबरी कडं दिसायला लागलं. उजव्या चाकापाशी जाऊन बघितलं, तिथेही तेच. चिखलाच्या थराखाली ते रबर मी एका नजरेत ओळखलं होतं.

"ह्ये तू घातलंस काय बे?" त्यांनी दत्ताला विचारलं.

"म्या कशाला घालू? मला तर ते काय हाय हेच म्हाईत न्हाई."

"वाढ्याचं वझं टाकायला कुणीतरी घातलं आसंल. वझं टाकलं की गाडी बसते, म्हनून रबर कोंबतेत. मंग शॉकप मेला तरी गाडी जित्ती दिसते. आन् ब्रेक मारला की चाक हवेत."

अण्णा पुढे आले. ते दत्ताकडे बघत होते.

"खरं सांग. कुठनं घालून आनलंस?"

"आवो न्हाई घातलं म्हनलं ना!"

"फोन बी बघत नव्हतास. रबर बी घातलं न्हाईस. आपल्या आपनच हुतंय का समदं?"

रफिकभाईंनी मला किती सोपी वाट करून दिली होती! मी नुसता गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. गप्प राहणं मला जमतंही. दत्ताने बापाकडे पाठ फिरवली आणि तो हात पुसायला चिंधी शोधू लागला. हातांना काहीच लागलेलं नव्हतं.

"अण्णा, ते मी घातलंय," मी म्हणालो.

तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

"दिवाळीच्या आधी. पुण्यात. शॉकअप गेलेत हे मला तेव्हाच सांगितलं होतं. मी बदलले नाहीत, बफर टाकून गाडी तुम्हाला दिली."

रफिकभाई उगाचच वाकून नटबोल्ट वेगळे करू लागले. अण्णा शेजारच्या टायरच्या चळतीवर बसले. दत्ता मात्र माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"नाना, आईला प्लॅस्टर घालायलते तवा दवाखान्यातनं म्या तुमाला फोन केलता. आठवतंय का?"

"हो."

"म्या काय म्हनलो? ब्रेक मारला तर गाडी उडाली म्हनलो. तुमी काय म्हनलाव?"

मी रफिकभाईंच्या पाठीकडे बघितलं. मग तोच म्हणाला.

"तुमी म्हनलाव, 'हळू चालवायचं असतं बाळा.'"

हे मी अगदी असंच म्हणालो होतो. बफरबद्दल गप्प राहिलो ते एक. पण हे वाक्य मी आपणहून बोललो होतो, समजूतदार काकाच्या आवाजात, त्याचं म्हणणं खरं आहे हे माहीत असताना. या सगळ्यात मला ज्याची लाज वाटते ते हे. हे मी आजवर बायकोला, मीनालाही सांगितलेलं नाही, ती इथेच वाचेल.

काम त्या दिवशी पुरं झालं नाही. शॉकअप वर जिथे बॉडीला बसतो तिथलं रबरी माउंटिंग डाव्या बाजूचं चिरलेलं निघालं, आणि ते आणायचं मला सुचलं नव्हतं. रफिकभाईंनी बीडच्या दुकानदाराला फोन करून ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एस्टीने मागवलं. दत्ता म्हणाला, मी इथेच थांबतो, जुनं काढायला हात लावतो. मी अण्णांच्या मागे मोटारसायकलवर बसून गावी निघालो. खिंडीत त्यांनी गाडी हळू केली. बांधाचे दोन दगड निसटून खाली गेले होते, त्यांची जागा रिकामी दिसत होती.

"पोराला म्या चार मान्सात बोललो," अण्णा पुढे बघतच म्हणाले.

वहिनी ओसरीत होत्या. मनगट बरं झालं होतं, पण जरा वाकडं जुळलं होतं. भाकरी थापायला जमत होतं, म्हशीची धार काढायला मूठ वळत नव्हती. ती आता अण्णा काढत. जेवायला बाजरीची भाकरी, येसर (भाजलेली धान्यं आणि मसाला दळून केलेल्या पिठाची आमटी) आणि शेंगदाण्याची चटणी होती. येसर पुण्यात मला कुणी करून घालत नाही. पहिला घास घेतला आणि खाली ठेवला. म्हटलं, आधी सांगावं. सांगितलं.

वहिनींनी डाव्या हाताने डोईवरचा पदर सारखा केला.

"म्या पहिल्या दिसापास्नं सांगायले," त्या अण्णांना म्हणाल्या. "पोरगं सावकाश चालवायलतं, फोन खिशात व्हता. शेजारी कोन बसलं व्हतं, तुमी का मी? तर म्हनं आईची माया! मोडलेल्या हाताला कुनी काय इचारलंच न्हाई."

अण्णा ताटाकडे बघत राहिले.

मग मला म्हणाल्या, "दिवाळीला तुमी गाडी दिलीत तवा आमी गावात पेढं वाटलं, भाऊजी. चुलत्यानं पोराला गाडी दिली म्हनून." त्यांनी येसरची वाटी माझ्याकडे सरकवली. "जेवा. येसर गार झाल्यावर चांगलं लागत न्हाई. आन् उद्या चेअरमनला सांगा. हितं सांगून काय हुतंय?"

दुसऱ्या दिवशी माउंटिंग आलं. रफिकभाईंनी स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी शिकंजे लावून ती आवळली आणि मला लांब उभं केलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचं कपाळ फोडते. जुना शॉकअप बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याचा दांडा एका बोटाने खाली ढकलला. तो खाली गेला आणि खालीच राहिला. नव्याचा दांडा दोन्ही हातांनी जोर लावून दाबावा लागला, आणि सोडल्यावर तो आपला सावकाश वर आला. उजव्या बाजूला तेच केलं, एकच बदलून चालत नाही. चाकं सरळ आहेत का, ते त्यांनी गाडीच्या अंगाला पुढूनमागून सुतळी ताणून बघितलं. जवळपास जमलंय, पण बीडला मशीनवर करून घ्या म्हणाले. बफर त्यांनी माझ्या हातात दिले. ते फेकून द्यायचा माझा बेत होता, मी ते कागदात बांधून बरोबर घेतले.

गावात संध्याकाळचं दूध गोळा होत होतं. संस्थेची एकच खोली, बाहेर पत्र्याची शेड. बायका-माणसं किटल्या घेऊन रांगेत. किटल्यांचा तळ झाकेल इतकंच दूध बहुतेकांकडे होतं. चेअरमन स्वतः फॅट बघायच्या मशीनपाशी बसले होते. माझ्यापेक्षा थोडे मोठे, टोपी, कानात बिगबाळी.

"या, पुण्याचं पाव्हनं! छावणी बघायला का?"

मी रांग सरेपर्यंत थांबलो नाही. थांबलो असतो तर धीर गेला असता. सगळ्यांसमोर बफर टेबलावर ठेवले आणि झालं ते सांगितलं. चेअरमननी एक बफर उचलून उलटसुलट करून बघितला. मग ते रांगेकडे वळून म्हणाले, "बघा! चुलता आसावा तर आसा. पुतन्यासाठी सोताच्या आंगावर घ्यायलाय."

लोकांनी माना डोलवल्या. एक म्हातारी म्हणाली, "मोठं मन हाय बाबा."

मी थक्क झालो. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो आणि ते खोटं ठरून वर माझं कौतुक झालं. "नाही हो, खरंच," मी म्हणालो, आणि जितकं जास्त म्हणालो तितकं ते जास्त मायेचं वाटायला लागलं.

"रबर कुनीबी दाखवील," चेअरमन म्हणाले. "आईची माया झाली, आता चुलत्याची झाली. दुधाला माया लागत न्हाई, दूध सांडतंय." ते दाराशी उभ्या दत्ताला म्हणाले, "गाडी झाली का नीट?"

"झाली."

"आन हिकडं. आन् त्ये नापास झालेलं कॅन ठिवा मागं. झाकन काढून."

सकाळी एकाचं दूध नासकं निघालं होतं, त्याचं कॅन कोपऱ्यात पडलेलं होतं. ते मोटारीच्या मागच्या भागात ठेवलं, वर दोन बोटं जागा सोडून भरलेलं, झाकण नसलेलं. चेअरमन पुढे बसले. मला मागे बसवलं.

"तुमी हात लावायचा न्हाई," त्यांनी मला बजावलं. "नुसतं बघायचं. नाना, तुमी खरं बोललाव का मायेनं, मला म्हाईत न्हाई. मला ह्याचा पाय बघायचाय."

दत्ताने गाडी खिंडीच्या रस्त्याला घातली. मी कॅनकडे बघत होतो. खडीवर दूध कडेकडेने फिरायला लागलं, वर चढून परत आत जाई. त्याने कुठेही गाडी आदळू दिली नाही. खड्डा दिसायच्या आधीच वेग उतरलेला असायचा. आता गाडी एकदा वर-खाली झाली की तिथेच शांत व्हायची. खिंडीपलीकडून गाडी वळवून परतताना त्याच उतारावर चेअरमन अचानक ओरडले, "शेळी!"

रस्त्यावर काही नव्हतं. दत्ताने ब्रेक दाबला, एकदम नाही, दोनदा, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. बांधाच्या त्या रिकाम्या जागेच्या अलीकडे. कॅनमधून एक लाट उठली आणि थोडं दूध रबरी मॅटवर सांडलं. दत्ताच्या मानेवर घाम होता.

चेअरमन मागे वळून कॅन बघत राहिले.

"सांडलं," दत्ता म्हणाला.

"दिसायलंय मला. हितं माझ्या बापाच्यानं बी सांडलं आसतं." ते पुढे तोंड करून बसले. "घे गावाकडं. सकाळी दिस उगवायच्या आत शेडवर ये. आन् दुधाची गाडी आधी धुवून घ्यायची, त्यो टँकरवाला लई घाण ठिवून गेलाय."

दत्ताने 'बरं' म्हटलं. त्याने गाडी पुढे काढली. मागच्या भागात आंबट वास कोंदला होता, काच खाली करावी असं मला वाटत होतं, पण मी केली नाही.

म्हणजे मी सांगितल्याने त्याला काम मिळालं असं काही झालं नाही. ते त्याने स्वतः मिळवलं. माझ्या सांगण्याने घरात मात्र एक झालं. रात्री जेवताना अण्णांनी दत्ताला हाक मारून शेजारी बसवलं आणि भाकरीचा चतकोर स्वतःच्या ताटातून त्याच्या ताटात ठेवला. दत्ताने तो खाल्ला. माझ्याशी तो शेवटपर्यंत गरजेपुरतंच बोलला. झोपायला जाताना पांघरूण हवं का, एवढं विचारलं. तो दुरावा माझ्या वाट्याचा होता, आणि मी तो मागे सारला नाही.

सकाळी मी उठायच्या आत तो निघून गेला होता. अण्णांनी मला मोटारीने पाटोद्याला सोडलं. वहिनींनी येसरचं पीठ डब्यात भरून दिलं, मी दिलेल्या तेलाच्या बाटलीबद्दल काही म्हणाल्या नाहीत. स्टँडवर अण्णा म्हणाले, "पुढच्या टायमाला मीनाला बी घिऊन ये." एवढं म्हणून त्यांनी माझा खांदा दाबला. तो हात थोडा जड होता.

परतीच्या गाडीत पायांत पोतं नव्हतं. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलो. प्रवासाला निघताना माझी समजूत होती की वस्तू दुरुस्त केली की त्या वस्तूने झालेलं सगळं दुरुस्त होतं, आणि माणसांना त्यात घ्यायची गरज पडत नाही. गाडी खरंच छान झाली होती. वहिनींचं मनगट वाकडंच राहणार होतं, आणि पुण्यात जाऊन मला हे सगळं मीनाला सांगायचं होतं. तोंडाने जमणार नाही, म्हणून हे लिहिलं.

पाटोदा सोडून थोडं पुढे गेलो असू, समोरून एक छोटा टेम्पो येताना दिसला. मागे दुधाची कॅनं, दोरीने आवळलेली. धुतलेला होता, काचेवर पाणी अजून वाळलेलं नव्हतं. पूल अरुंद होता. टेम्पो पलीकडेच डाव्या अंगाला घेऊन थांबला आणि त्याने दिवे एकदा लावून विझवले, तुम्ही आधी या म्हणून. आमच्या ड्रायव्हरने गाडी पुलावर घातली. शेजारून जाताना टेम्पोतल्या दत्ताने हात वर केला. आमच्या ड्रायव्हरनेही केला.

"दुधाच्या गाडीवर नवीन दिसतोय," कंडक्टर म्हणाला.

"व्हय," ड्रायव्हर म्हणाला. "थांबायचं कळतंय त्याला."

दत्ताचा हात ड्रायव्हरसाठी होता. मी मागे बसलोय हे त्याला दिसलंही नसेल. मी वळून बघितलं, तोवर टेम्पो पूल ओलांडून सावकाश पाटोद्याच्या दिशेने निघालाही होता.